वरच्या मजल्याला हरकत

वृद्धाश्रमात दोन गोष्टी न मागता जमा होतात. एक म्हणजे लोकांनी आणून दिलेले जुने स्वेटर, आणि दुसरे किस्से. स्वेटर निदान वाटून टाकता येतात. धाराशिवच्या उन्हात ते घालणार कोण, हा प्रश्न वेगळा! किस्से मात्र कितीही वाटले तरी कमी होत नाहीत. एक सांगायला घ्यावा तर ऐकणाराच म्हणतो, "ताई, तो परवाचा राहिलाच की!"

मी या आश्रमाची व्यवस्थापिका. त्याआधी वीस वर्षं अंगणवाडीत होते. काम साधारण तेच आहे. वेळेवर खायला घालायचं, भांडणं सोडवायची, कोण कुठं पडलं ते बघायचं. तिथं दात येत होते, इथं जातायत, एवढाच फरक. सगळे मला ताई म्हणतात, माझ्याहून तीस वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा.

आमचा आश्रम तालुक्याच्या गावात, एका कॉलनीच्या मधोमध आहे. आजूबाजूला शिक्षक, ग्रामसेवक, कंडक्टर, दुकानदार यांची घरं. जागा पंचवीस जणांची आणि माणसं एकोणतीस. जादाच्या चौघीजणी जेवणाच्या हॉलमध्ये झोपतात. सकाळी पोह्यांच्या आधी त्यांच्या खाटा उचलून भिंतीला लावायच्या, संध्याकाळची जेवणं झाली की पुन्हा मांडायच्या. दुपारी पाठ टेकावी म्हटलं तर जागा नाही.

त्या चौघींतल्या एक कौसाबाई. एकदा त्यांना ताप होता आणि जेवणाची वेळ झाली होती. मी म्हटलं, "पडून राहा." त्या म्हणाल्या, "लोकं जेवणार आन म्या मधी मढ्यावानी पडणार? बरं दिसतंय का ते!" आणि अंगात ताप घेऊन, भिंतीला टेकून बसून राहिल्या. 

म्हणून वर एक मजला बांधायचं ठरलं. सहा खोल्या. संस्थेनं नकाशा काढला, नगरपंचायतीकडं अर्ज केला. आम्हाला वाटलं, झालं काम! पण कॉलनीला आमचा खालचा मजलाच जड झाला होता. त्यांनी वरच्याला हरकत घेतली. त्याला आता दीड वर्ष होत आलं. फाईल जाड झाली आणि मी बारीक झाले, असं म्हणायला आवडलं असतं. पण मीही जाडच झालेय.

०००

सुरुवात नोटिशीपासून झाली. नगरपंचायतीचा माणूस आला आणि आमच्या फाटकावर एक कागद डकवून गेला. वाढीव बांधकामास कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी, वगैरे.

आमच्याकडं बहुतेकांना वाचता येत नाही आणि ज्यांना येतं त्यांचे चष्मे सापडत नाहीत. अर्ध्या तासात फाटकाजवळ घोळका जमला. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. गावाकडं पारावर, दुकानाच्या दारावर कागद लागतो तो कोणीतरी गेल्याचाच, हे त्यांना पक्कं ठाऊक.

निवृत्तीआबा सगळ्यांत पुढं. आबा ईट गावाच्या बाजूचे, जन्मभर मेंढरं राखलेले. डोक्याचा पटका काढून हातात घेतला होता त्यांनी.

"कोण गेलं म्हणायचं?"

आबांना ऐकू फार कमी येतं. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "कोणी गेलं नाही! नगरपंचायतीचा कागद आहे! तीस दिवसांची मुदत दिलीय!" आबांना कळलं की नाही माहीत नाही, कॉलनीला कळलं.

आबांनी कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तीस दिवस? लोकं धाव्याच्या पिंडालाच मोकळी व्हत्यात की!"

०००

दुसरा किस्सा आमच्याच घरातला. आमच्याकडं रशीदचाचा आहेत. तहसीलबाहेर लिंबाच्या झाडाखाली चाळीस वर्षं अर्जनवीस म्हणून बसले. रेशनकार्डापासून वाटणीपर्यंत निम्म्या तालुक्याची गाऱ्हाणी त्यांच्या हातून कागदावर उतरली. अक्षर असं की साहेब अर्ज नामंजूर करायचे, पण कागद फेकून द्यायला जीव होत नसे. हात अजून स्थिर आहे. रोज सकाळी दहाला फाटकाजवळच्या बाकावर, मांडीवर फळी घेऊन बसतात. काम असो नसो, पाचपर्यंत उठत नाहीत.

नोटीस लागल्यावर त्या बाकाजवळ कॉलनीतल्या लोकांची वर्दळ सुरू झाली. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, म्हाताऱ्या माणसापाशी दोन घटका बसायला लागली माणसं! चौथ्या दिवशी चहा द्यायला गेले, तर कानावर आलं,

"तुमची हरकत कशी पायजे? साधी, का सख्त?"

"सख्तच करा, चाचा."

"मंग 'त्रास होतो' नको. लिवतो, 'रहिवाशांच्या शांततामय जीवनास कायमस्वरूपी बाधा पोहोचत असून...' कसंय?"

"वा! हेच म्हणायचं होतं मला."

चहा माझ्या हातावरच सांडला. आमच्याविरुद्धच्या हरकती लोक आमच्याच बाकावर बसून, आमच्याच माणसाकडून लिहून घेत होते! त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. या गावात अर्ज म्हटलं की रशीदचाचा, ही चाळीस वर्षांची सवय. तोंडं कॉलनीची असली तरी पाय आपोआप इकडं वळले.

तो माणूस गेल्यावर मी भडकले. "चाचा, आपल्याच घरावर हरकत लिहिताय?"

चाचांनी पेनाचं टोपण लावलं. "ताई, म्या सकाळी नवऱ्याचा अर्ज लिवलाय आन दुपारी त्याच्या बायकोचाबी लिवलाय. दोघंबी खूश व्हऊन गेले. पेनाला सोयरं नसतंय."

अशा सात हरकती त्यांनी लिहिल्या. महिन्याभरानं नगरपंचायतीचं पत्र आलं, आलेल्या हरकतींना मुद्देनिहाय उत्तर द्या. उत्तर लिहिणार कोण? चाचाच! सातही कागदांच्या नकला समोर मांडून दोन दिवस बसले. आपल्याच अक्षरावर बोट फिरवायचे, मान हलवायचे. तिसऱ्या दिवशी माझ्याकडं आले ते चेहरा पाडून.

"सहांची उत्तरं जमली, ताई. चार नंबरच्या हरकतीला काय उत्तर न्हाई."

"का?"

"लई पक्की लिवलीया!"

०००

ही चार नंबरची हरकत काय होती तेही सांगते. वृद्धाश्रमामुळं कॉलनीतल्या मुलांची लग्नं जमत नाहीत. पाहुणे येतात, आमची पाटी वाचतात, आणि इथल्या घरांत मोठ्या माणसांना सांभाळत नसतील असा समज करून घेऊन जातात.

त्याच सुमारास आमच्या पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या एका मुलाला बघायला वाशी तालुक्यातून पाहुणे आले. जीप उभी करायला जागा नव्हती म्हणून आमच्या फाटकासमोर लावली. मुलीचे वडील उतरले आणि पाटी वाचत उभे राहिले. बराच वेळ वाचली. मुलाची आई तिकडं दारात उभी राहून पदराशी चाळा करत होती. मला तिचीच दया आली. लग्न मोडलं तर खापर आमच्या माथ्यावर फुटणार, हेही दिसत होतं.

तेवढ्यात मुलीची आत्या पाणी प्यायचं निमित्त करून आत आली. चांगली जाणती बाई. हॉल बघितला, स्वयंपाकघर बघितलं, न्हाणीघरात डोकावली.

"लई स्वच्छ ठिवलंय हो."

"प्रयत्न करतो आम्ही."

तिनं दाराकडं एकदा बघून घेतलं आणि माझ्या जवळ सरकली.

"मुलाची आई तशी तब्येतीनं बरी दिसतीया. पर पुढचं कुणी सांगावं! तुमच्याकडं नंबर किती दिवसांत लागतुय?"

लग्न जमलं. चार नंबरच्या हरकतीला उत्तरही मिळालं, पण ते लेखी देता येण्यासारखं नव्हतं.

०००

त्याच लग्नाची वरात. हरकत नंबर दोन होती अँब्युलन्सच्या सायरनची. आवाजानं कॉलनीतल्या लहान मुलांची झोपमोड होते म्हणे. आमच्याकडं अँब्युलन्स वर्षातून चार-दोन वेळा येते, आणि आली तर लवकर येत नाही.

संध्याकाळी वरात निघाली. फटाके थेट तेरखेड्याच्या कारखान्यातून, पोतं भरून आणले होते. वरात नेमकी आमच्या फाटकासमोर थांबली, कारण रस्ता तिथंच जरा रुंद आहे. तासभर नुसता दणदणाट! भांडी मांडणीवरून खाली आली. बायका कानात कापूस घालून आतल्या खोलीत बसल्या. एक आजी तर देवाचं नाव घेत घेत रडायलाच लागल्या. मी दोनदा बाहेर जाऊन हात जोडले. नाचणाऱ्यांना वाटलं, मी पण नाचायला आले.

निवृत्तीआबा मात्र फाटकाजवळच्या बाकावर ऐसपैस बसले होते. मान वर करून सगळं बघत होते. वरात पुढं सरकली तशी मी त्यांना आत न्यायला गेले. तोंडावर नाराजी.

"औंदा तेरखेड्याचा माल फुसका निघाला बग, ताई. नुस्ता उजेड!"

०००

कॉलनी बचाव समितीचे अध्यक्ष ढवळे सर. निवृत्त मुख्याध्यापक, आमच्या अगदी समोर राहतात. माणूस वाईट नाही. मला दहावीला इतिहास त्यांनीच शिकवला, त्यामुळं अजून त्यांच्यापुढं बोलताना मी नकळत उभी राहते. हरकत-अर्जावर पहिली सही त्यांची.

सर दरवर्षी स्वतःचा वाढदिवस आश्रमात साजरा करतात. केळी, सफरचंदं, सगळ्यांत वयस्कर माणसाला शाल, आणि पेपरात द्यायला एक फोटो. मला वाटलं, यंदा येणार नाहीत. आले! फोटोग्राफरला घेऊन आले.

"सगळेच्या सगळे आले पाहिजेत फोटोत," सर म्हणाले. "कुणाला वगळायचं नाही."

हॉलमध्ये एकोणतीस माणसं, दोन व्हीलचेअर, मध्ये सर. फोटोग्राफर मागं सरकत सरकत स्वयंपाकघरात गेला. सुमन, आमची स्वयंपाकीण, ओरडली, "दादा, कुकर हाय मागं!"

"सर, बसत नाहीत हो."

"त्या भिंतीजवळच्या खाटा बाहेर काढा."

काढल्या.

"आता?"

"अजून सहा जण बाहेरच राहतायत."

दोघांना खाली बसवलं. त्यांतले एक बसले ते उठेनात. केळी कुणाच्या तरी पायाखाली आली. सर घामाघूम झाले, शाल हातातून गळाली. शेवटी ते माझ्यावरच उखडले.

"अहो, एवढी माणसं आणि हॉल एवढासा? राहतात कसे हे लोक! काहीतरी करा की तुम्ही!"

मी उभीच होते. "बघते, सर," म्हटलं.

०००

नगरपंचायतीचे इंजिनिअर साहेब जागेची पाहणी करायला आले. हरकत नंबर पाच, पार्किंग. मजला वाढला की खोल्या वाढणार, खोल्या वाढल्या की भेटायला येणारे वाढणार, त्यांच्या गाड्या कॉलनीच्या रस्त्यावर लागणार.

साहेब भला माणूस. टेप काढून सगळं मोजलं. पोहे दिले तर आधी नको म्हणाले, मग दोन वेळा घेतले. मग वही उघडून विचारलं, "इथं राहणाऱ्यांच्या गाड्या किती?"

मी चार वॉकर आणि दोन व्हीलचेअर दाखवल्या. ते हसले.

"बरं, आणि भेटायला येणाऱ्यांच्या? रोज अंदाजे किती येतात?"

"त्याचं रजिस्टर आहे, साहेब."

रजिस्टर दिलं. भेटायला येणाऱ्यानं नाव, कुणाला भेटायचं, येण्याची वेळ, जाण्याची वेळ लिहायची, असा नियम आहे. साहेबांनी चालू पान बघितलं. एक पान मागं गेले. आणखी एक. मग त्यांनी ते बंद केलं आणि वहीत एकच ओळ लिहिली.

त्यांच्या अहवालात एवढंच आहे, "पार्किंगची आवश्यकता दिसून येत नाही."

०००

मग समितीनं समझोत्याचा प्रस्ताव दिला. आश्रमाला पर्यायी जागा. गावाबाहेर चार किलोमीटरवर, तळ्याच्या कडेला. पत्रात लिहिलं होतं, "शांत, निसर्गरम्य व प्रदूषणमुक्त परिसर." ढवळे सरांनी स्वतः जीप ठरवली. मी, आबा आणि चाचा बघायला गेलो.

तळं आटलेलं. चारी बाजूंनी माळ, मध्येमध्ये बाभळी, लांबवर एक खांब आणि त्यावर तार नाही. सर मात्र खरंच खुलले होते. हात पसरून दाखवत होते. "बघा ताई, काय मोकळी हवा आहे! सकाळी मोर येतात इथं. या वयात माणसाला आणखी काय पाहिजे?"

सरांचं वय बाहत्तर.

आबा एका दगडावर टेकले. चहूकडं बघत राहिले. त्यांना काय वाटतंय म्हणून सर खाली वाकले आणि मोठ्यानं विचारलं, "आबा, आवडला का निसर्ग?"

"सर, पन्नास वर्सं मेंढरामागं ह्योच बघितला," आबा म्हणाले. "आता वाईच माणसं बघू द्या की."

 परतताना फाट्यावर जीप थांबवून सरांनी आम्हाला उसाचा रस पाजला. पण हरकत काही मागं घेतली नाही.

०००

आता कौसाबाईंचं. बांधकाम करायचं तर लगतच्या घरमालकांना वेगळी नोटीस जाते. आमच्या पूर्वेला भिंतीला भिंत लागून जे घर आहे, त्याच्या मालकाच्या नावानं नोटीस निघाली. घर कौसाबाईंच्या नावावर. नवऱ्यानं त्यांच्या नावानं जागा घेतली होती, ती अजून तशीच आहे.

होय, त्याच कौसाबाई. स्वतःच्या घराशेजारच्या आश्रमात, जेवणाच्या हॉलमध्ये झोपतात. तीन वर्षांपूर्वी मुलानं, भास्करनं, घराचं काम काढलं. मागं दोन खोल्या वाढवायच्या होत्या. "धुळीचा त्रास होईल आईला, चार महिने राहू द्या," म्हणून आणून सोडलं. काम चार महिन्यांतच संपलं, भास्कर शब्दाचा पक्का! खोल्या झाल्या, रंग झाला, आमच्या बाजूची कंपाउंडची भिंतही पुरुषभर उंच झाली. त्या वाढीव कामाला कुणी हरकत घेतली नव्हती. पलीकडून नातीचा आवाज येतो, दिसत मात्र काही नाही. कौसाबाईंच्या तोंडून मुलाबद्दल वावगा शब्द मी कधी ऐकला नाही. आम्ही विचारायचं कधीच सोडलंय.

नोटीस गेल्यावर चार दिवसांनी भास्कर आला. हातात डझनभर केळी आणि टाईप केलेला कागद. याची हरकत चाचांकडून नव्हती, बाहेरून करून आणलेली.

"आई, इथं अंगठा दे."

कौसाबाईंनी आधी नातीचं विचारलं. कितवीला गेली, केस वाढले का, खोकला गेला का. भास्करनं सगळ्याला "हो" म्हटलं. मी मध्ये पडले. "भास्करराव, त्यांना वाचून तरी दाखवा."

"आमच्या घरचा मामला आहे, मॅडम."

मीच कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला. आश्रमाच्या वरच्या मजल्याला आपली हरकत असल्याचं, कारणांसह. म्हणजे ज्या खोलीसाठी दीड वर्ष आम्ही हेलपाटे घालतोय, ती खोली होऊ देऊ नका, असं कौसाबाईच लिहून देणार होत्या. लगतच्या मालकाची हरकत म्हणजे बाकी सातांपेक्षा वजनदार. मी त्यांना तेही समजावून सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकलं. मग अंगठा पुढं केला. भास्करनं शाई लावली.

तो गेल्यावर मी त्यांच्यावर चिडले. खरंच चिडले. दिवसभराच्या दगदगीनं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. "काय केलंत हे? झोपा आता जन्मभर त्या हॉलमध्ये!"

कौसाबाई केळी मोजून सगळ्यांसाठी बाजूला काढत होत्या.

"आठ म्हैन्यानं आलं हुतं लेकरू," त्या म्हणाल्या. "कायतरी मागत हुतं. न्हाई कसं म्हणू?"

०००

सुनावणी परवाच झाली. म्हाताऱ्या माणसांच्या मजल्याची सुनावणी, आणि हॉल नगरपंचायतीच्या वरच्या मजल्यावर! लिफ्ट नाही. आमचे पाच जण टमटममधून आले. कौसाबाईंना तर हरकतदार म्हणून हजर राहायचं लेखी बोलावणंच होतं.

त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. तीन पायऱ्या चढायच्या, बसायचं. पुन्हा तीन पायऱ्या. एका बाजूनं मी, एका बाजूनं सुमन. भास्कर आधीच वर जाऊन बसला होता. मध्येच मला राहवलं नाही. म्हटलं, "जाऊ द्या. कधी झालाच तो मजला, तर चढणारी माणसं वर पाठवू आणि तुम्हाला खालची खोली देऊ." त्यांना दम लागला होता. कठड्याला धरून पुढची पायरी चढल्या.

मुख्याधिकारी साहेब वयानं तरुण. त्यांनी सगळ्या हरकती एकेक करून ऐकल्या. ढवळे सर वीस मिनिटं बोलले, अगदी वर्गात बोलायचे तसे. चाचांचं उत्तर मी वाचलं. शेवटी लगतच्या मालकाचा पुकारा झाला. कौसाबाई खुर्चीला धरून उठल्या.

"बसून बोला आजी. राहता कुठं?"

"आश्रमात."

साहेबांनी हातातला कागद पुन्हा वरपासून बघितला. "म्हणजे, ज्या आश्रमाला हरकत घेतलीत, त्यातच?"

भास्कर उभा राहिला. "साहेब, आईला नीट समजत नाही. मी बोलतो त्यांच्या वतीनं."

"येतंय मला बोलाया," कौसाबाई म्हणाल्या.

साहेबांनी हातानं भास्करला बसायची खूण केली. "बरं आजी, यात लिहिलंय, आश्रमाचा वरचा मजला झाला तर तिथल्या खिडक्यांमधून तुमच्या घराचं अंगण, ओसरी, सगळं दिसेल. घरातल्या माणसांचं येणं-जाणं, उठणं-बसणं, सगळं. हे खरं आहे का?"

 ढवळे सर पुढं झुकले. नाही म्हणा, एकदाच नाही म्हणा, असं मी मनातल्या मनात घोकत होते. एवढ्या एका शब्दावर सहा खोल्या अडकल्या होत्या.

"खरं हाय, साहेब," कौसाबाई म्हणाल्या. "समदं दिसंल."

साहेब लिहायला लागले. भास्करनं सुस्कारा सोडला.

कौसाबाई माझ्याकडं वळल्या.

"ताई, ती खालची खोली मला नको. माझं नाव वर लिवा. गुडघ्याचं म्या बघते."